मध्यक उत्पन्न: क्रमांकांची पद्धत की बूटस्ट्रॅप?

समजा, परळ-लालबागमधल्या १०० घरांचं मासिक उत्पन्न विचारलं. चढत्या क्रमानं मांडलं, की मध्यक ५०व्या आणि ५१व्या आकड्याच्या मधोमध. पण त्यावर भरवसा किती? क्रमांकांची पद्धत सोपी: ४०व्या ते ६१व्या आकड्यापर्यंतचा पल्ला, सगळ्या वस्तीचा खरा मध्यक त्यात असल्याची खात्री सुमारे ९६ टक्के. कागद-पेन्सिल पुरे. बूटस्ट्रॅपला संगणक हवा. त्याच यादीतून हजारो वेळा, उचललेलं परत ठेवत, १००-१०० घरं निवडायची, दर वेळी मध्यक काढायचा; त्या मध्यकांपैकी मधले सुमारे ९५ टक्के जिथे पडतात, तो पल्ला.

तरी मुंबईसाठी मी बूटस्ट्रॅपच घेईन. पहिली पद्धत प्रत्येक घर स्वतंत्रपणे निवडलंय असं धरते. इथे एका चाळीतली वीस बिऱ्हाडं बरीचशी सारखी, शेजारच्या टॉवरमधली निराळीच! बूटस्ट्रॅपमध्ये अख्खी इमारतच उचलता येते. पल्ला बहुधा रुंदावतो, पण प्रामाणिक असतो. मात्र इमारती चार-पाचच असतील, तर तोही फसवतो.