माल्ट म्हणून जव, हॉप्स म्हणून कसुरी मेथी

साडेआठ हजार गेले. लिहायला पाच महिने लागले, कारण घेतलेली वस्तू घरात सांगण्यासारखी नव्हती. विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

पुण्यात मायक्रोब्रुअरीत एक ग्लास प्यायलो आणि घरी बिअर करायला शिकायचं खूळ डोक्यात शिरलं. मग फोनवर जाहिरात दिसली: नवशिक्यांचा संच, पाच किलो माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुलं), यीस्ट, बादली, वर फोनवर शिकवणी. ७,००० रुपये. आणखी १,५०० भरले की 'घरगुती ब्रुइंगचा परवाना'. "मालक, परवान्यावर सगळं चालतंय," पलीकडचा म्हणाला. 'मालक' म्हणाला म्हणजे आपल्याच सोलापूरचा, असं वाटून मी तिथंच विरघळलो. पैसे यूपीआयनं, कुण्या बाईच्या नावावर. परवाना पीडीएफमध्ये आला, त्यावर 'उत्पदन शुल्क' असं छापलेलं. हसलो आणि सोडून दिलं!

मे महिना, जुळे सोलापूर, रात्री अकराला गॅसवर पातेलं. निम्मं धान्य भरडून ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं. पाणी गोड व्हायला हवं होतं. झाली पिठूळ पेज. फोन केला तर "अजून तासभर ठेवा" एवढंच. शेवटी औषधाच्या डब्यातलं टिंक्चर आयोडीन काढलं, पांढऱ्या बशीत पेजेचा थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब. बशीत शाई सांडल्यासारखं निळं-काळं झालं. पिठावर आयोडीन असंच निळं-काळं होतं, म्हणजे पिठाची साखर झालीच नव्हती.

माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेलं जव. मोड येताना त्यात जी विकरं तयार होतात, तीच पुढं गरम पाण्यात पिठाची साखर करतात. खरं माल्ट दाताखाली कुरकुरतं, गोडसर लागतं. हा दाणा चावताना माझी दाढ हलली. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात मूठभर दाखवलं. व्यापारी म्हणाला, "साधं जव हाय की, मालक. पूजेला नेतात."

हॉप्सची पुडी आईच्या हाती लागली. हुंगून म्हणाली, "कसुरी मेथी वर कशाला ठेवलीस?" यीस्टच्या पाकिटावरचं लेबल सोललं तर खाली पावाचं यीस्ट. आणि माल खरा असता तरी काय? एल नावाच्या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला २० अंशांच्या आसपासची हवा लागते, आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्याबद्दल हा 'गुरू' चकार शब्द बोलला नव्हता.

परवान्याचं तर विचारूच नका. वर्षाला १०० किंवा आयुष्यभरासाठी १,००० रुपये भरून मिळतो तो दारू विकत घेण्याचा, जवळ बाळगण्याचा, पिण्याचा. बनवायचं म्हटलं की १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो.

तक्रार करतो म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "करा की. घरात दारू करत होतो म्हणून लिहा." फोन बंद. मी गप्प बसलो, तेच त्याला हवं होतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन केला असता तर कदाचित पैसे खात्यातच अडकले असते. परवा केला, तक्रारीचा क्रमांक तेवढा मिळाला.

उरलेलं जव आईनं दळून आणलंय. भाकरी कडक होत नाही म्हणून रोज कुरकुरते.