थॉनी (पायथन भाषेत कोड लिहायचा साधा एडिटर) वापरून बघितलं, परत कोडिंग सुरू करणाऱ्यांसाठी बेस्ट
कॉलेजात टर्बो सी या जुन्या कोडिंग सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनसमोर बसायचो, त्यानंतर १८ वर्षांनी आता धायरीत घरी बसून छंद म्हणून परत सुरू केलंय. आधी एक मोठा एडिटर टाकला तर एक्स्टेन्शन (वरून जोडायच्या जादा सोयी) निवडण्यातच दोन रविवार गेले. मग थॉनी घेतलं, एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात बनलेलं, फुकट आहे आणि पायथन सोबतच येतं, वेगळं काही टाकायला नको. मोठ्या प्रोजेक्टला कमी पडेल पण घरगुती कामाला मस्त. परवा सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब लिहीत होतो, बेरीज काही जमेना, मग डीबग (कोड एकेक पायरीने चालवून चूक शोधायची सोय) लावून एफ७ दाबत गेलो तर प्रत्येक स्टेपला शेजारी व्हेरिएबलची व्हॅल्यू बदलताना दिसते, आणि एकूणचा आकडा लूपच्या (परत परत चालणाऱ्या भागाच्या) आतच दरवेळी शून्य होत होता, दोन मिनिटांत सापडलं!