‘कराटे किड’ : दुसरा भाग की तिसरा?

भाचा शिवाजी पार्कजवळ कराटे शिकतो. ‘कराटे किड’ या हॉलिवूडपटाचा पहिला भाग संपल्यावर त्याने विचारलं, “मामा, आता दुसरा लावूया की तिसरा?” मी लगेच म्हटलं, दुसरा.

१९८६च्या या भागात मुळातलं वैर कराटे शिकणाऱ्या डॅनियलचं नाही, त्याचा गुरू मियागीचं आहे. तरुणपणी युकीए या मुलीवरून जिवलग मित्र सातो याच्याशी फाटलेलं. मित्राशी लढायचं नाही म्हणून मियागीने आपलं जपानी बेट ओकिनावाच सोडलेलं. वडील शेवटच्या घटका मोजताहेत म्हणून तो परततो, तर सातो तोच हिशोब धरून बसलाय. मग वादळात सातो तुळईखाली सापडतो. मियागी जवळ येतो तेव्हा सातोला वाटतं, हा मला मारायलाच आला. मियागीचा हात पडतो तो तुळईवर! गुरू काय शिकवतो ते इथे करून दिसतं, बोलून नाही. आणि वडील गेल्यावर समुद्रकाठी बसलेला मियागी, त्याला धीर देणारा डॅनियल... इथे शिष्यच गुरूला सावरतो. मला हा प्रसंग अजूनही गप्प करतो.

१९८९चा तिसरा भाग निव्वळ सूडाचा. पहिल्या भागातला दुष्ट कराटे-गुरू क्रीझ, त्याचा मित्र टेरी सिल्व्हर गोड बोलून डॅनियलला चुकीचं शिकवतो. खोट्या गुरूची ही कल्पना जबरदस्त आहे, क्लासला जाणाऱ्या प्रत्येक मुलाने पाहावी अशी. पण खलनायक फार भडक, आणि शेवट पुन्हा पहिल्या भागातल्याच स्पर्धेत.

तिसरा पुढच्या रविवारी लावणार आहोत, फक्त सिल्व्हरसाठी.