सोलापूर–पुणे हायवेसाठी क्रूझ कंट्रोल: साधा की अ‍ॅडॅप्टिव्ह?

नव्या गाडीत अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझसाठी जादा पैसे मोजावेत का, हे सोलापूरकरांनी आपला रस्ता डोळ्यांपुढं ठेवूनच ठरवावं.

साधा क्रूझ ठरवलेला वेग धरून ठेवतो, एवढंच. पुढं कोण आहे हे त्याला कळत नाही. पहाटे रस्ता मोकळा असताना पायाला आराम मिळतो. गर्दी लागली की तो बंद करायचा.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ रडार किंवा कॅमेऱ्यानं पुढच्या गाडीवर लक्ष ठेवतो, वेग कमी करतो, ब्रेकही लावतो. नीट चालला तर मागच्या अख्ख्या रांगेचं भलं होतं. जपानमधल्या एका प्रयोगात (2008) 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या फिरवल्या. ना सिग्नल, ना खड्डा, तरी कोंडी झाली आणि लाटेसारखी मागं मागं सरकत राहिली. एकानं जरा ब्रेक दाबला की मागचा त्याहून जास्त दाबतो, म्हणून. पुढं अमेरिकेत ॲरिझोनात तशाच गोलात एकच गाडी यंत्राच्या हाती दिली, तर लाट विरली आणि इंधन 40 टक्क्यांपर्यंत वाचलं.

ती गाडी मात्र खास कोंडी मोडायलाच तयार केलेली होती. बाजारातल्या सात मॉडेलांचे अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ अमेरिकेतच तपासले, तेव्हा सातही लाट वाढवणारे निघाले! म्हणून अंतराची सेटिंग सगळ्यात लांबची ठेवा. ताशी 80 ला दोन सेकंदांचं अंतर म्हणजे 44 मीटर. आपल्याकडं तेवढ्या जागेत कुणीतरी घुसणारच. घुसू द्या.

आता उसाचा हंगाम. टेंभुर्णी–मोहोळ पट्ट्यात रात्री दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर, कधी बंद पडून रस्त्यातच उभा, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. हायवेच्या वेगात उभं वाहन ओळखायला बरेच अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ चुकतात. गाड्यांच्या पुस्तिकांतच तसा इशारा असतो. उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाकीचंही तेच. हंगामात रात्री दोन्ही प्रकार बंद ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याला क्वचितच, तेही दिवसा जात असाल तर साधा पुरे. वाचलेले पैसे चांगल्या टायरांत घाला. दर आठवड्याला जाणं असेल आणि हडपसरची रांग चुकत नसेल, तर अ‍ॅडॅप्टिव्ह घ्या, पण ऑटोमॅटिक गिअरची आणि पूर्ण थांबेपर्यंत साथ देणारी गाडी बघून. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती नको, हायवेवर मागा. मध्ये कुणी घुसल्यावर गाडी हळूच मागं राहते की दणकन ब्रेक मारते, ते तिथंच कळेल.