डीव्हीआर (सीसीटीव्हीचं फुटेज साठवणारं यंत्र): क्लिप काढायची की अख्ख्या डिस्कची इमेज?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यात चोरी झाली, की खासगी तपासनिसाच्या हातात बहुतेकदा क्लिपचा पेनड्राइव्हच पडतो. क्लिप झटपट निघते. पण पुसलेलं फुटेज नि लॉग (यंत्राने ठेवलेल्या नोंदी) मागेच राहतात. इमेजला, म्हणजे डिस्कच्या जशाच्या तशा पूर्ण नकलेला, राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण), निदान तेवढीच मोठी कोरी डिस्क आणि काही तास लागतात, कारखानदार कुरकुरणारच. तरी प्रकरण कोर्टात जाणार असेल तर इमेजच घ्या, तीही लवकर. डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावर नवं लिहितो.

आधी मालकाची लेखी संमती (जप्तीचा अधिकार आपल्याला नाही), मग डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून फरक नोंदवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र क्लिप आणि इमेज दोन्हींना लागतं: पहिला भाग यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, हॅशसकट (हॅश म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो). क्लिपचा हॅश मात्र ती काढल्यानंतरचीच हमी देतो.