डॉपलर तपासणी आणि डॉक्टरांनी काढलेले चित्र

मधुमेहाला अकरा वर्षे झाल्यावर लिंगाला पुरेशी ताठरता येईनाशी झाली, तेव्हा आधी भिंतीवरची जाहिरात वाचून मी एका ‘गुप्तरोग’ दवाखान्यात गेलो. तिथे ना रक्तदाब पाहिला, ना साखर. ‘नसांची कमजोरी’ म्हणून दोन महिन्यांची चूर्णे तेवढी हातात ठेवली. त्यानंतर पुण्यातील एका मूत्रविकारतज्ज्ञांकडे लिंगाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी तपासणी, करून घेतली, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

डॉक्टरांनी पत्नीलाही आत बसवून घेतले आणि तपासणीआधीच कागदावर चित्र काढले. लिंगात स्पंजासारख्या ऊतीचे दोन दंडगोल असतात आणि त्यांतील पोकळ्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात. उत्तेजनेच्या वेळी चेतातंतूंतून व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, स्नायू सैलावतात, पोकळ्या रक्ताने भरतात आणि फुगलेली ऊती बाहेरच्या जाड आवरणावर दाबली गेल्याने रक्त परत नेणाऱ्या शिरा मिटतात. साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली की अस्तर बिघडते, चेतातंतूंना इजा होते, आणि रक्ताबरोबर ऑक्सिजनही कमी पडू लागला की स्नायूंची जागा हळूहळू कोलॅजनचे कडक तंतू घेतात. अशी ऊती पुरती फुगत नाही, शिरा दाबल्या जात नाहीत आणि आलेले रक्त निसटून जाते. ताठरतेसाठी घेतात ती सिल्डेनाफिलची गोळी स्नायू सैलावायला मदत करते, पण कोलॅजनचा पुन्हा स्नायू करू शकत नाही; ती मला अर्धवटच का लागू पडत होती, ते इतक्या वर्षांत प्रथमच समजले. पत्नी बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे तुमचं मन माझ्यावरून उडालं नव्हतं.”

तपासणीत बारीक सुईने लिंगात ताठरता आणणारे औषध टोचतात. त्रास मुंगी चावल्याइतकाच झाला. नंतर थोड्या थोड्या वेळाने रक्ताचा वेग मोजला. माझा कमाल वेग सेकंदाला 22 सेंटिमीटर भरला, आणि 25 पेक्षा कमी वेग म्हणजे रोहिणीतून पुरेसे रक्त येत नाही असे मानतात. लिंगाच्या रोहिण्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर रुंद आणि हृदयाच्या 3 ते 4, त्यामुळे रोहिण्या अरुंद करणारा तोच आजार इथे आधी दिसू शकतो, असे सांगून त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेता का, हेही खोदून विचारले, कारण त्यासोबत सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो. ताठरता उतरेपर्यंत मला थांबवून घेतले. ती पुन्हा येऊन चार तासांपेक्षा जास्त टिकली तर रात्र असली तरी तडक यायला बजावले.

खटकले ते एवढेच, की स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने भरल्या दालनात तपासणीचे नाव मोठ्याने पुकारले. तिथवर यायला मला चार वर्षे लागली होती. केवळ क्रमांक पुकारावा, असे मी निघताना त्यांच्या वहीत लिहून आलो आहे.