चार कॅमेऱ्यांचं फोर-के लग्न: थेट एडिट, प्रोरेस की प्रॉक्सी?

लग्नसराई तोंडावर आली की सोलापुरातल्या छोट्या स्टुडिओंपुढे एकच प्रश्न असतो: नवा पीसी घ्यायचा की आहे त्यावर भागवायचं? आधी टाइमलाइन, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधली क्लिप्स मांडायची पट्टी, कशामुळे अडते ते बघा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एका फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात, ५० असतील तर २०. तेवढ्यात डिस्कवरून डेटा यायला हवा आणि दाबून साठवलेला तो डेटा उलगडायलाही (डीकोड व्हायला) हवा. नाहीतर फ्रेम गळतात. दोन्हींपैकी कोण आधी दमतं, ते फॉरमॅटवर ठरतं.

कॅमेरे ज्या पद्धतींनी व्हिडिओ दाबून साठवतात ते एच.२६४ किंवा एच.२६५ डिस्कला हलकं असतं. सेकंदाला १०० मेगाबिटचं फोर-के तासाला जेमतेम ४५ जीबी. ओझं पडतं ते उलगडण्यावर, कारण बहुतेक फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेला असतो आणि एक फ्रेम दाखवायला आजूबाजूच्याही उलगडाव्या लागतात. सरळ प्ले केलं तर चालून जातं. मागे-पुढे ओढलं किंवा मल्टिकॅम लावला, म्हणजे सगळे कॅमेरे एकदम चालवले, की अडतं. ८ बिट ४:२:० असेल (बिट म्हणजे रंगछटांची बारकाई, ४:२:० किंवा ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती किती राखली ते) तर काळजी नको, ते जवळपास प्रत्येक ग्राफिक्स चिप स्वतः उलगडते. खरी गोची १० बिट ४:२:२ ची. एनव्हिडियाच्या कार्डांना ते आरटीएक्स ५० मालिकेपासून जमू लागलं. त्याआधीचं कार्ड कितीही महाग असो, हे काम प्रोसेसरवरच येतं. इंटेलच्या ११व्या ते १४व्या पिढीतलं अंगचं ग्राफिक्स एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं, एच.२६४ चं नाही. म्हणजे अशा मशीनवर, ‘जड’ म्हणून बदनाम असलेलं एच.२६५ च जास्त सुरळीत चालतं! मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात हे ग्राफिक्सच नसतं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. सकाळी नीट चाललेली टाइमलाइन दुपारी अडखळते.

प्रोरेस हा अ‍ॅपलचा, एडिटिंगसाठीचा फॉरमॅट; कॅमेऱ्यातल्या फाइल आधी त्यात बदलून घ्यायच्या. त्याचं गणित उलटं. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, त्यामुळे प्रोसेसरला सोपं. सगळा भार डिस्कवर. फोर-के २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ म्हणजे सेकंदाला ४९२ मेगाबिट, तासाला सुमारे २२१ जीबी. चार कॅमेरे एकदम चालवायचे तर सेकंदाला जवळजवळ २५० मेगाबाइट लागतात. तिथे साधी हार्ड डिस्क हात टेकते, एसएसडीच हवी. विंडोजवर बरेच जण डीएनएक्सएचआर हा तसाच फॉरमॅट वापरतात, त्याचंही ओझं साधारण याच जातीचं. रूपांतर केल्याने दर्जा मात्र तसूभरही वाढत नाही. अख्ख्या लग्नासाठी एवढी जागा अडवणं मला पटत नाही. काही मिनिटांच्या, इफेक्ट्सनी भरलेल्या प्री-वेडिंगला ठीक आहे.

प्रॉक्सी म्हणजे एडिटिंगपुरती छोटी प्रत. १०८० मध्ये (फुल एचडीत) प्रोरेस प्रॉक्सी, म्हणजे प्रोरेसचाच हलका प्रकार, तासाला फक्त १७ जीबी, चार कॅमेरे मिळून सेकंदाला २० मेगाबाइटच्या आत. रात्री बनवायला लावा, सकाळी जुना पीसीही मल्टिकॅम ओढतो, आणि फायनल एक्स्पोर्ट मूळ फाइलमधूनच होतो. फोकस आणि रंग तपासताना तेवढी मूळ फाइल चालू करावी लागते. प्रॉक्सीचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम ते) आणि ऑडिओ चॅनेल मूळ फाइलसारखेच ठेवा, नाहीतर जोडताना त्रास होतो. पाहुण्यांच्या मोबाइल क्लिप्सचा फ्रेमरेट बहुधा बदलता असतो. त्या आधी स्थिर २५ वर आणून घ्या.

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक एकाच कॅमेऱ्याने ८ बिटमध्ये घेतली आणि त्याच रात्री द्यायची असेल, तर प्रॉक्सीच्या फंदात पडू नका, थेट कापा. तीन-चार कॅमेऱ्यांचं ४:२:२ लग्न असेल तर निःशंकपणे प्रॉक्सी. पैसे घालायचेच तर आधी एसएसडीत घाला. तरीही पीसी घ्यायचा ठरलाच, तर दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन जा, चार ट्रॅकचा मल्टिकॅम लावा आणि फ्रेम गळतात का ते तिथेच बघा.